उंबराखाली कोण?

ओढ्याकाठच्या एका रानात एक साळुंकी राहत असे. मधली दोन वर्षे मात्र ती रानात नव्हती, आणि मुलांनो, ही सगळी गोष्ट त्या दोन वर्षांमुळेच घडली.

ती अगदी लहान असताना एका माणसाने तिला जाळ्यात पकडले आणि दूरच्या शहरात नेले. तिथे एका बालवाडीच्या व्हरांड्यात तिचा पिंजरा टांगलेला असे. समोर दार, दारातून दिसणारा वर्ग, वर्गात तीस मुले आणि एक बाई. पिंजऱ्यात दुसरे काम ते काय असणार? साळुंकी दिवसभर वर्गाकडे बघत बसे आणि जे ऐकू येई ते पाठ करी. मग एका सकाळी पिंजऱ्याचे दार नीट लागले नाही. साळुंकी बाहेर पडली, वाटेतल्या पाखरांना विचारत विचारत उडाली आणि फाल्गुनात आपल्या रानात परत आली.

रानात एकच गलका झाला. "शिकून आली! दोन वर्षं शिकून आली!" एक वानरीण तर कौतुकाने झाडावरून खालच्या फांदीपर्यंत उतरली. "दोन वर्षं एका जागी बसलात, ताई? आमच्यातलं कुणी दोन घटकासुद्धा बसलं नाही बघा."

"बसले नसते तर शिकले नसते," साळुंकी म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता. "पिंजऱ्यात मी रोज ठरवायचे, सुटले की आपल्या रानातल्या पोरांना हे सगळं शिकवायचं. मोठ्यांना सांगून उपयोग नाही. सवयी लहानपणीच लागतात. आजची पोरं सुधारली की उद्याचं रान सुधारलंच म्हणून समजा!"

आणि ती नुसती बोलून थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी ओढ्याच्या वळणावर, मोठ्या उंबराखाली तिने बालवाडी उघडली. पहिल्या दिवशी तीन पोरे आली. वानराचे पिल्लू आले. ते खालच्या फांदीवर बसले, कारण जमिनीवर बसणे त्याच्या घराण्यात कमीपणाचे मानले जाई. चितळाचे पाडस आले, त्याच्या अंगावरचे ठिपके अजून ताजे होते. आणि साळिंदराचे पिल्लू आले. साळिंदरे रात्री जागतात आणि दिवसा झोपतात, त्यामुळे ते येताच झोपी गेले. साळुंकीने तरीही त्याचे नाव घातले.

"सगळ्यांनी खाली बघा," साळुंकी म्हणाली. "काय दिसतं?"

उंबराखाली नेहमीचेच पडले होते. एकदाच चावा घेतलेली उंबरे, अर्धवट कुरतडलेले कोवळे शेंडे, मोडलेल्या डहाळ्या, पाने.

"उंबर," वानराचे पिल्लू म्हणाले.

"जेवण," पाडस म्हणाले.

"चूक!" साळुंकीने शेपटी झटकली. "हा कचरा आहे. वर बसून खायचं आणि खाली टाकायचं. एक घास खायचा, नऊ घास फेकायचे. मी जिथं शिकले तिथं एक दाणा खाली सांडला तरी बाई रागवायच्या. डबा उघडला की संपवायचा आणि रिकामा करून दाखवायचा. सांडायचं नाही म्हणजे नाही."

पाडसाने एक कान पुढे केला, एक मागे. त्याचा पुरता गोंधळ झाला. मग त्याला वाटले, शिकलेल्या बोलीत जेवणाला कचरा म्हणत असतील. संध्याकाळी ते घरी गेले आणि म्हणाले, "आई, आज कचरा कधी खायचा?" आईने त्याचे कपाळ चाटून बघितले, ताप तर नाही ना म्हणून.

साळुंकीने पोरांना एक गाणेही शिकवले.

हवे तेवढे तोडू या,
तोडले ते संपवू या,
खाली काही न सांडू या!

गाणे सोपे होते, चालही छान होती. जो दिवसभर काही सांडणार नाही त्याला संध्याकाळी कुसुमाच्या झाडाचे एक लाल कोवळे पान बक्षीस मिळे. शहरातल्या बाई हातावर चांदणी काढत, इथे लाल पान. वानराच्या पिल्लाला त्या पानाचे वेड लागले. ते उंबर तोंडात धरून, बियांसकट, देठासकट चावून चावून गिळे आणि मग रिकामे हात ताईला दाखवी.

पण वानरांची रीत निराळी होती. वानरीण आपल्या पिल्लाचे खाणे बघून घाबरली. "ताई, रागावू नका," ती हळूच म्हणाली, "पण आमच्यात अख्खं फळ खाणाऱ्याला अधाशी म्हणतात. माझ्या सासूबाई असत्या तर या पोराच्या पाठीत धपाटा घातला असता."

"आणि ते का म्हणतात?"

वानरीण विचारात पडली. "का ते... ते नाही बाई माहीत. म्हणतात खरं."

"बघा! कारण माहीत नाही आणि रीत मात्र पाळायची," साळुंकी म्हणाली. "अशाच जुन्या सवयींनी रान घाण झालंय. तुम्ही शिकला नाहीत हा तुमचा दोष नाही. पण पोराला तरी शिकू द्या."

वानरीण ओशाळली. शिकलेल्यांपुढे आपण काय बोलणार? तिने त्या दिवसापासून स्वतःही अख्खे फळ खायला सुरुवात केली. पिल्लाने सगळ्या टोळीला गाणे शिकवले. कुणा काकाच्या हातून एखादे पान निसटले, तरी ते टाळ्या पिटून ओरडे, "काकांनी सांडलं! काकांनी सांडलं!" म्हाताऱ्या वानरांनाही मग लाज वाटू लागली. एवढेच नव्हे, रानाच्या कडेला सहलीला येणारी माणसे खारट खाऊची चमचमणारी पाकिटे देत. तीसुद्धा पिल्लू आता खाली टाकत नसे. चाटून झाली की झाडाच्या ढोलीत कोंबून ठेवी.

चैत्र संपता संपता उंबराखालची जमीन लख्ख झाली. एक साल नाही, एक देठ नाही. साळुंकी तिच्यावरून पायी पायी फिरे आणि तिला व्हरांड्यातली फरशी आठवे. हे आपण केले, असे तिच्या मनात येई, आणि तसे येणे काही चूक नव्हते. तिने खरोखरच मन लावून केले होते.

तेवढ्यात वैशाखाचे ऊन तापले. ओढ्याचे एकच डबके उरले. गवत वाळून पिवळे झाले, मग तेही संपले.

बालवाडीत पाडस उशिरा येऊ लागले. आले की मान टाकून बसे. गाण्यात त्याचा आवाज येईना.

"उशीर का झाला?" साळुंकी विचारी.

"पाय हळू चालतात, ताई."

"लवकर निघायचं म्हणजे हळू चाललं तरी चालतं," साळुंकी सांगे. तिने शहरात हेच ऐकले होते.

एका संध्याकाळी पाडसाने धीर करून विचारले, "ताई, मी कधीच काही सांडत नाही. मग मला लाल पान का मिळत नाही?"

साळुंकीला वाईट वाटले. खरेच की, आपण या पोराकडे कधी बघितलेच नाही. "आज काय काय खाल्लंस आणि काय काय संपवलंस, सांग बरं?"

"काही नाही खाल्लं."

"म्हणजे काहीच सांडलं नाहीस! शाबास!" साळुंकीने सगळ्यांत मोठे, सगळ्यांत लाल पान तोडून त्याच्यापुढे ठेवले.

पाडसाने ते हुंगले आणि खाऊन टाकले.

वर्गात हसू फुटले. साळिंदराचे पिल्लूसुद्धा जागे झाले. वानराचे पिल्लू फांदीला लोंबकळून खिदळले, "बक्षीस खाल्लं! यानं बक्षीस खाल्लं!"

"अरे, बक्षीस खायचं नसतं," साळुंकी दुखावून म्हणाली.

"मग त्याचं काय करायचं असतं?" पाडसाने विचारले. ते हसत नव्हते. त्याला खरेच कळत नव्हते.

साळुंकीने उत्तर द्यायला चोच उघडली, आणि तिलाही नीट सांगता येईना. पान ठेवायचे असते, बघायचे असते, मिरवायचे असते. भुकेल्या पोराला हे कसे सांगायचे? पण ते भुकेले आहे हे तरी तिच्या लक्षात आले होते का? थोडेसे आले होते. त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि ती कशामुळे लागत नाही तेही कळेना.

सकाळी पाडसाची आई आली. चितळे मोठी भिडस्त असतात. ती उंबरापासून लांबच उभी राहिली, पाय बदलत राहिली, मग म्हणाली, "ताई, पोराचं नाव कमी करा. परवा आमचा कळप नदीपलीकडे निघतोय."

"पलीकडे? पलीकडे तर उसाची शेतं आहेत! तारा आहेत, कुत्री आहेत."

"आहेत. मागे एकदा पाच गेली होती. दोन परत आली."

"मग जाता कशाला?"

पाडसाची आई जमिनीकडे बघत राहिली. "तुम्ही फार चांगलं शिकवता, हो. घरी गाणं म्हणतं ते, अजून म्हणतं. पण उन्हाळ्यात गवत नसतं, ताई. तेव्हा आम्ही इथं येतो, या उंबराखाली. वर वानरं खातात, खाली आम्ही खातो. माझी आई येत होती, तिची आई येत होती. यंदा खाली काही पडतच नाही. जमीन इतकी स्वच्छ आहे की काय सांगू! त्याला दूध पाजायचं तर माझ्या पोटात काही हवं ना?"

एवढे बोलून तिलाच अवघडल्यासारखे झाले. शिकवणाऱ्याला नावे ठेवली की काय, असे वाटून ती पटकन निघून गेली.

 साळुंकी भर्रकन उडाली आणि वानरिणीकडे गेली. "मला सांगितलं का नाहीत? खाली पडतं ते चितळं खातात, हे सांगायचं नाही?"

"मी म्हटलं होतं ना, अख्खं खाणाऱ्याला आमच्यात अधाशी म्हणतात..."

"पण का म्हणतात ते कुठं सांगितलंत!"

"आम्हाला तरी कुठं माहीत होतं, ताई?" वानरीण रडवेली झाली. "सासूबाई सांडायच्या, म्हणून मी सांडायचे. त्यांच्या सासूबाई सांडायच्या, म्हणून त्या. कुणासाठी ते मधेच कुठंतरी सांगायचं राहून गेलं असेल. मला वाटलं, तुम्ही शिकून आलात, तुम्हाला ठाऊक असणार."

मुलांनो, आता चूक कुणाची? जिला कारण माहीत नव्हते तिची, की जिने कारण शोधले नाही तिची? त्या सकाळी दोघींनाही ते ठरवता येईना.

पण साळुंकी उत्साही होती, आणि उत्साही लोक गोंधळले की गप्प बसत नाहीत, लगेच काहीतरी करतात. तिने तडक बालवाडी भरवली.

"मुलांनो, आजपासून सांडायचं! भरपूर सांडायचं! हाताला लागेल ते खाली टाकायचं!"

 मग वानराच्या पिल्लाने विचारले, "ताई, काल सांडणारा वाईट होता ना?"

"काल होता."

"आणि आज?"

"आज चांगला."

"मग माझी सात लाल पानं?" त्याचा ओठ थरथरू लागला. "ती चांगली आहेत की वाईट?"

"ती... राहू देत," साळुंकी म्हणाली. "नंतर बघू. आधी टाका!"

पिल्लाने डोळे पुसले. सांडायचेच असेल तर आपण सगळ्यांपेक्षा जास्त सांडू, असे त्याने ठरवले. ते गुणी पोर होते. त्याने उंबरे टाकली, शेंडे टाकले, डहाळ्या मोडून टाकल्या. खाली पाडस आणि त्याची आई येऊन उभी राहिली आणि इतक्या दिवसांनी त्यांची तोंडे हलू लागली. साळुंकीचा जीव भांड्यात पडला. परवाचे जाणे आता टळणार!

टाकायला जवळचे काही उरेना, तेव्हा पिल्लाला ढोली आठवली. ताई म्हणाल्या होत्या, हाताला लागेल ते. त्याने ढोलीतून ती चमचमणारी पाकिटे ओढून काढली आणि मूठमूठभर खाली सोडली. ती गिरक्या घेत घेत पडली. सुंदर दिसत होती. त्यांना खारट वास येत होता, आणि उन्हाळ्यात मिठासाठी चितळांची जीभ आसुसलेली असते. पाडसाने एक पाकीट चाटले. चांगले लागले. त्याने ते तोंडात घेतले आणि गिळायला गेले.

ते घशात अडकले.

पाडस खोकले. मग खोकणेही थांबले. त्याची मान ताठ झाली, डोळे मोठे झाले, पुढचे पाय मुडपले. त्याची आई भोवती गरगर फिरू लागली. तिला पाय होते, खूर होते, पण पोराच्या घशात घालायला काही नव्हते.

साळुंकी खाली झेपावली. तिने चोच घातली, पण पाकिटाचे टोक खोल होते. "वानरा! खाली ये!" ती ओरडली. "तुला हात आहेत! खाली ये!"

पिल्लू जन्मात जमिनीवर उतरले नव्हते. ते क्षणभर फांदीला चिकटून राहिले. मग त्याने उडी मारली. साळुंकी पाडसाच्या ओठावर बसून सांगत होती, "आत... अजून आत... चकचकीत टोक दिसतंय बघ, ते धर... ओढ!" पिल्लाचा हात कोपरापर्यंत आत गेला. त्याने ओढले. पाकीट चुरगळलेले, लाळेने भरलेले बाहेर आले, आणि पाडसाने रडल्यासारखा एक मोठा श्वास घेतला.

 आई पाडसाला चाटत होती. वानराचे पिल्लू हातातल्या पाकिटाकडे बघत होते. मग ते पाडसाच्या शेजारी, त्या धुळीतच बसले आणि वर बघितले.

"खालून झाड असं दिसतं?" ते म्हणाले. "मला वाटायचं, खाली नुसती जमीन असते."

पाडसाची आई म्हणाली, "ताई, मी परवापर्यंत थांबत नाही. ऊन उतरलं की निघते. तारांची, कुत्र्यांची निदान ओळख आहे. इथं आता मला काय खावं तेच कळेना."

आणि मग साळिंदराचे पिल्लू, जे आजवर वर्गात एक शब्द बोलले नव्हते, ते काटे खुळखुळवत पुढे आले. "ताई, एक विचारू? मग सांडायचं, की सांडायचं नाही?"

सगळे साळुंकीकडे बघू लागले. पाडस बघू लागले, त्याची आई बघू लागली, वरून वानरीण बघू लागली.

"मला माहीत नाही," साळुंकी म्हणाली.

दोन वर्षे शिकून आलेल्या साळुंकीच्या तोंडून रानाने हे शब्द पहिल्यांदा ऐकले. तिने स्वतःही पहिल्यांदाच ऐकले. त्यामुळे ती थोडा वेळ गप्प झाली, आणि गप्प झाल्यावर तिला एक जुनी गोष्ट आठवली, जी ती रोज बघत होती पण तिने कधी पाहिलीच नव्हती.

"माझ्या पिंजऱ्यात एक वाटी होती," ती हळूहळू सांगू लागली. "दुपारी बालवाडीतल्या मावशी यायच्या आणि वाटी भरायच्या. कधी पोहे, कधी पोळीचा तुकडा, कधी चार शेंगदाणे. मुलांच्या डब्यातलं उरलेलं, बाकाखाली सांडलेलं. काही दिवस मात्र वाटी रिकामी राहायची. मी उपाशी झोपायचे. आणि त्याच दिवशी बाई मुलांना म्हणायच्या, 'आज सगळ्यांचे डबे रिकामे, आज सगळ्यांना चांदणी!' मी पिंजऱ्यात टाळ्या वाजवल्यासारखे पंख वाजवायचे. आज कुणीच सांडलं नाही म्हणून. आणि माझी वाटी आज रिकामी का, याचा विचार करत झोपायचे. दोन वर्षं, पोरांनो! या दोन गोष्टी मी कधी शेजारी शेजारी ठेवूनच बघितल्या नाहीत."

"म्हणजे बाई चुकीचं शिकवत होत्या?" वानराच्या पिल्लाने विचारले.

"नाही रे. त्यांच्या वर्गात ते बरोबर होतं. अन्न वाया जाऊ नये म्हणूनच तर त्या सांगत. पण तिथं बाकाखाली फरशी होती. इथं फांदीखाली तुझा मित्र आहे. मी गाणं आणलं आणि खाली बघायचं विसरले."

"मग आता आम्ही काय करायचं?"

"तेही मला सांगता येत नाही," साळुंकी म्हणाली. "पण आज तू खाली उतरलास आणि तुला जे दिसलं, ते माझ्या गाण्यात नव्हतं. आपण उतरूनच बघू. टाकायच्या आधी खाली बघू आणि विचारू. उत्तर काय येतं ते ऐकू."

वानराचे पिल्लू झाडावर चढले. त्याने एक उंबर तोडले, एक चावा घेतला आणि हात लांब केला. पण टाकले नाही. खाली वाकून हाक मारली, "खाली कोण?"

पाडसाचा घसा अजून दुखत होता. "मी आहे," ते बारीक आवाजात म्हणाले.

"उंबर आहे. हवं?"

"हवं."

उंबर टपकन पडले. पाडसाने खाल्ले. मग एक कोवळा शेंडा. "खाली कोण?" "मी!" मग एक वाळका देठ. "खाली कोण?" चितळे गप्प राहिली. तेव्हा मुळाशी पसरलेल्या मुंग्यांच्या रांगेतून इतका बारीक आवाज आला की कान द्यावा लागला, "आम्ही!" साळिंदराच्या पिल्लाने सांगितले की आपल्याला फळापेक्षा चितळांची गळून पडलेली शिंगे जास्त आवडतात, दात घासायला. हे चितळांना आजवर माहीतच नव्हते. वानरीण वरून ऐकत होती. एकाएकी ती म्हणाली, "अगो बाई, म्हणून अधाशी म्हणतात होय!" आणि तिने हातातले अर्धे उंबर खाली सोडले. सोडण्याआधी हाक मारायला विसरली नाही.

ऊन उतरले. पाडसाची आई निघायला उठली, नदीच्या दिशेने चार पावले गेली, आणि थांबली. मागून हाक आली होती, "खाली कोण?" तिने वळून बघितले. पाडसाने तोंड वर केले होते. त्याने उत्तर दिले, आणि ते उत्तर त्याच्या आईनेही ऐकले. "आम्ही दोघं आहोत!"

ती परत आली आणि उंबराखाली बसली. कळप नदीपलीकडे गेला नाही.

बालवाडी पुढेही चालू राहिली. गाण्याची चाल तीच राहिली, शेवटच्या दोन ओळी तेवढ्या बदलल्या.

हवे तेवढे तोडू या,
तोडले तर वाटू या,
खाली कोण ते विचारू या!

लाल पाने बंद झाली. ज्यांच्याकडे होती त्यांनी ती पाडसाला दिली, आणि पाडसाने ती खाल्ली. त्यांचे काय करायचे असते, हा प्रश्नही त्याबरोबर सुटला.

एक प्रश्न मात्र सुटला नाही. पाडसाच्या घशातून काढलेले ते पाकीट वानराच्या पिल्लाने फेकले नव्हते. दुसऱ्या दिवशी पाकीट हातात धरून पिल्लू फांदीवर बसले आणि त्याने हाक मारली, "खाली कोण? एक पाकीट आहे!"

चितळे गप्प. साळिंदर गप्प. मुंग्यांकडे कान दिला, त्याही गप्प. त्याने ओढ्यातल्या बेडकांना विचारले, मातीतल्या वाळवीला विचारले. वाळवी सगळे खाते, ती नक्की घेईल, असे त्याला वाटले होते. वाळवीनेही मान हलवली.

"ताई," पिल्लू गोंधळून म्हणाले, "याला तर कुणीच नाही. मग मी हे ठेवू कुठं?"

साळुंकीने खूप विचार केला. तिला शहर माहीत होते, रान माहीत होते, तरी उत्तर सापडेना. शेवटी ती म्हणाली, "ज्यांनी दिलं त्यांच्याकडं ने. त्यांना विचार."

म्हणून, मुलांनो, सहलीला जाल तेव्हा रानाच्या कडेच्या झाडाकडे नीट बघा. फांदीवर वानराचे एक पिल्लू बसलेले दिसेल. हातात चुरगळलेले पाकीट असेल. तुम्ही नवे पाकीट पुढे केलेत, तर ते घेणार नाही. ते खाली वाकून तुमच्याकडे बघत राहील. त्याला विचारायचे आहे ते तुम्हाला आता माहीत आहे.

तात्पर्य : टाकण्याआधी खाली वाकून बघावे. ज्याला घेणारा कुणी आहे, तो कचरा नव्हे. आणि ज्याला घेणारा कुणीच नाही, ते मुळात हाती घेऊच नये.